कंत्राटी आयटी आणि एच-१बी : कागद कुठला, पैसे कुणाचे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. कोल्हापुरात ज्या कुणाचा रेझ्युमे जॉब पोर्टलवर पडलेला आहे, त्याचा फोन या वेळेपासून वाजायला लागतो. पलीकडचा माणूस 'तातडीची रिक्वायरमेंट' सांगतो आणि लगेच 'राइट टू रिप्रेझेंट'ची ई-मेल मागतो. म्हणजे अमुक जागेसाठी माझं नाव तुम्हीच पुढे पाठवा, असं लेखी संमतिपत्र. ते एका जागेसाठी एकालाच द्यायचं. दोन व्हेंडरकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या मधल्या कंपन्यांकडून, तेच नाव क्लायंटकडे पोचलं की 'डबल सबमिशन' म्हणून दोन्ही अर्ज बाद होतात. आणि या टप्प्यावर पासपोर्टची प्रत कुणी मागितली तर सरळ नाही म्हणायचं. जागा, दर, क्लायंट यांपैकी काहीच ठरलेलं नसताना तिचा उपयोग काय, ते मागणाराच जाणे.

कोल्हापुरात बसून एच-१बी, म्हणजे कुशल परदेशी माणसाला अमेरिकेत कामावर ठेवण्याच्या व्हिसाच्या पिटिशनची (एम्प्लॉयरनं तिथल्या सरकारकडे करायच्या अर्जाची) कागदपत्रं जुळवायचं काम आम्ही करतो. उमेदवार येतो तो 'व्हिसा कधी मिळणार' हे विचारत. आमचे प्रश्न वेगळे असतात. मधे किती कंपन्या आहेत? तासाचा दर किती? एलसीएवर, म्हणजे पगार आणि कामाचं ठिकाण लिहून एम्प्लॉयर श्रम खात्याकडे भरतो त्या फॉर्मवर, कुठल्या गावाचं नाव आहे? या तिन्हींची उत्तरं मिळाली की पुढची प्रक्रिया कुठे अडणार, हे बहुतेक वेळा आधीच सांगता येतं.

साखळी अशी असते. वर एंड क्लायंट, म्हणजे बँक, विमा कंपनी किंवा एखाद्या राज्य सरकारचं खातं. त्याखाली मोठी इम्प्लिमेंटेशन कंपनी, तिच्याखाली प्राइम व्हेंडर, कधी त्याखाली आणखी एक सब-व्हेंडर, आणि सगळ्यात खाली एम्प्लॉयर. एच-१बीचं पिटिशन भरतो, पगार देतो आणि कायद्यानं जबाबदार असतो तो हा तळातला. काम मात्र सगळ्यात वरचा देतो, आणि काम संपलं हेही तोच सांगतो. या दोन टोकांची एकमेकांशी ओळख नसते. कंत्राटी व्हिसातल्या बहुतेक भानगडी इथून निघतात.

एक हिशेब मांडू. समजा क्लायंट तासाला ८५ डॉलर मोजतो. प्राइम व्हेंडरकडे ते जाताना ७५ होतात आणि एम्प्लॉयरच्या हातात ६८ पडतात. उमेदवाराचा पगार वर्षाला १,०४,००० डॉलर ठरला आहे. वर्षाचे कामाचे तास २,०८० धरतात, म्हणजे हा पगार तासाला ५० डॉलर पडला. त्यावर एम्प्लॉयरच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर ७.६५ टक्के, म्हणजे खर्च झाला साधारण ५३ डॉलर ८० सेंट. उरले तासाला १४ डॉलरच्या आसपास. वर्षभर एकही दिवस रिकामा गेला नाही तर साडेएकोणतीस हजार, तीन वर्षांत ८८ हजार. यातून विमा, वकील, ऑफिस आणि सरकारी फी भागवायची.

हा आकडा डोक्यात ठेवला तर १९ सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं कंत्राटी बाजारात काय झालं, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २१ सप्टेंबर २०२५पासून अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवं एच-१बी पिटिशन भरायचं तर १ लाख डॉलर भरावे लागतात. घोषणेची मुदत १२ महिन्यांची, पण वाढवता येण्याजोगी. तीन वर्षांचा सगळा ढोबळ नफा एका पावतीत खलास. कोल्हापुरातून थेट कंत्राटी एच-१बीवर जाण्याची वाट यामुळे जवळपास बंद झाली आहे. म्हणून या घोषणेनंतर 'आम्ही तुमचं नवं एच-१बी करतो, तुम्ही फक्त अमुक लाख भरा' असं कुणी कोल्हापुरात सांगत असेल, तर उरलेले पैसे कोण आणि कशासाठी भरणार, हे त्याला विचारायचं. पटेल असं उत्तर अजून तरी आमच्या कानावर आलेलं नाही.

ही रक्कम सगळ्यांना लागत नाही, आणि इथे बराच गोंधळ आहे. २० ऑक्टोबर २०२५ला यूएससीआयएसनं, म्हणजे पिटिशन तपासणाऱ्या अमेरिकेच्या स्थलांतर खात्यानं, केलेल्या खुलाशाप्रमाणे, अमेरिकेत राहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर 'चेंज ऑफ स्टेटस' (तिथेच राहण्याचा दर्जा बदलून घेणं) करणाऱ्याला, मुदतवाढ घेणाऱ्याला किंवा तिथेच एम्प्लॉयर बदलणाऱ्याला ती लागत नाही. आधी मंजूर झालेल्या पिटिशनवर व्हिसा शिक्का घेऊन परत जाणाऱ्यालाही नाही. पण चेंज ऑफ स्टेटस मागितला आणि तो निकाली निघण्याआधी माणूस बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला आला, तर स्टेटस बदलण्याची विनंती सोडून दिल्यासारखं होतं आणि पिटिशन बाहेरच्या माणसाचं ठरतं. मग लाख डॉलरचा प्रश्न दारात. मुलगा एमएस करून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर, आहे अशा घरांनी लग्नाची तारीख काढताना हे बघावं.

एच-१बीच्या मोजक्या जागांसाठी चिठ्ठ्या काढतात, त्या लॉटरीबद्दल थोडक्यात. दर वर्षी ६५ हजार जागा, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. मार्चमध्ये नोंदणी, नोंदणीची फी २१५ डॉलर, निवड झाली तर १ एप्रिलपासून किमान ९० दिवसांत पिटिशन, आणि कामाला सुरुवात १ ऑक्टोबरला. आर्थिक वर्ष २०२४साठी पात्र नोंदण्या ७,५८,९९४ होत्या, २०२६साठी ३,४३,९८१. इच्छुक एवढे घटले असं नाही. एका माणसाच्या नावानं पाच-पाच कंपन्या नोंदणी करायच्या, तो धंदा २०२४मध्ये नोंदणीऐवजी माणसामागे निवड सुरू झाल्यावर बसला. आता आर्थिक वर्ष २०२७च्या नोंदणीपासून पगाराच्या पातळीप्रमाणे वजन आलं आहे : पातळी चारला चार चिठ्ठ्या, तीनला तीन, दोनला दोन, एकला एक. कमी पगार दाखवून नफा वाढवायचा ही कंत्राटी कंपन्यांची जुनी रीत आता निवडीतच आडवी येते.

पगाराची पातळी एलसीएवरही लिहावी लागते. त्याचं पूर्ण नाव लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन, फॉर्म ९०३५. एम्प्लॉयर तो अमेरिकेच्या श्रम खात्याच्या 'फ्लॅग' पोर्टलवर भरतो आणि सात कामकाजाच्या दिवसांत निकाल येतो. कंपनी नवी असेल तर तिचा करक्रमांक आधी पडताळून घ्यावा लागतो. नेमकं हेच शेवटच्या आठवड्यात आठवतं आणि सात दिवसांचं गणित कोलमडतं. प्रमाणित एलसीएचा क्रमांक आय-२०० पासून सुरू होतो आणि तो जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. कामावर रुजू होण्याच्या दिवसापर्यंत त्याची प्रत कामगाराला देणं एम्प्लॉयरवर बंधनकारक आहे. ती मागणं हा उद्धटपणा नाही. मागितल्यावर जो एम्प्लॉयर टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढचा व्यवहार लेखीच ठेवावा.

एलसीए हातात आला की चार ठिकाणी नजर टाकायची. पहिलं, व्यवसायाचा कोड. सॉफ्टवेअर डेव्हलपर १५-१२५२, सिस्टम्स अ‍ॅनालिस्ट १५-१२११, टेस्टिंगवाला १५-१२५३. प्रोग्रामर म्हणजे १५-१२५१ दिसला तर भुवई उंचवायची. त्या कामाला पदवी लागतेच असं नाही, हा मुद्दा धरून पूर्वी ढिगानं आक्षेप निघाले. २०२०मध्ये न्यायालयानं ती भूमिका फेटाळली, तरी समजूतदार वकील आजही हा कोड टाळतात. दुसरं, पगाराची पातळी. पदनाम 'लीड डेव्हलपर', कामाच्या वर्णनात चार जणांची टीम, आणि पातळी एक, म्हणजे नवशिक्याची? हा विरोधाभास अधिकाऱ्याला पहिल्या पानावर दिसतो. तिसरं, कामाचं ठिकाण. तिथे क्लायंटच्या ऑफिसचा पत्ता हवा. एम्प्लॉयरच्या अपार्टमेंटवजा ऑफिसचा पत्ता असेल आणि काम दुसऱ्या राज्यात असेल, तर पाया चुकलेला आहे. २०१५च्या सिमियो खटल्याच्या निकालापासून कामाची जागा एका महानगर क्षेत्रातून दुसऱ्यात गेली की सुधारित पिटिशन भरावंच लागतं. ह्यूस्टनच्या एलसीएवर शार्लटला काम करणं म्हणजे स्टेटस धोक्यात घालणं. चौथं, एम्प्लॉयर 'एच-१बी डिपेंडंट' आहे का, तो रकाना. ५१ किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत १५ टक्के एच-१बीवाले असले की ती डिपेंडंट ठरते आणि तिच्यावर जादा अटी येतात. वर्षाला ६० हजार डॉलर पगार किंवा संबंधित विषयातली मास्टर्स असेल तर त्या अटींतून सूट मिळते.

एलसीएची नोटीस कामाच्या ठिकाणी दोन ठळक जागी एकूण १० दिवस लावायची असते, किंवा तिथल्या कामगारांना इलेक्ट्रॉनिक रीतीनं कळवायचं असतं. कामाचं ठिकाण म्हणजे क्लायंटचं ऑफिस. आता साखळीच्या तळातली कंपनी बँकेच्या कॅन्टीनबाहेर कागद कुठून लावणार? मधला व्हेंडर 'आमच्या क्लायंटशी परस्पर बोलू नका' म्हणून दम देतो. मग नोटीस लागतच नाही, आणि पुढे चौकशी झाली तर हा सगळ्यात सहज सापडणारा दोष असतो.

आता कोल्हापुरातले कागद. इथलं काम कंटाळवाणं, पण खोळंबा यातच जास्त होतो.

नावापासून सुरुवात करू. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळ्या रकान्यात. एम्प्लॉयरच्या ऑफिसात कुणीतरी गुणपत्रिका बघून फॉर्म भरतं आणि 'पाटील' हे पहिलं नाव होऊन बसतं. आय-७९७वर, म्हणजे पिटिशन मंजूर झाल्याच्या सूचनेवर, नाव एक, पासपोर्टवर दुसरं, की दुरुस्तीत आठवडे जातात. त्यामुळे सगळ्या फॉर्मचा आधार एकच धरायचा : पासपोर्ट. लग्न झालेल्या मुलींचं आणखी वेगळं. पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. महापालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं विवाह प्रमाणपत्र इंग्रजीतही घेऊन ठेवायचं आणि व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, म्हणजे डीएस-१६०मध्ये, 'वापरलेली इतर नावं' या प्रश्नाला 'हो' म्हणून माहेरचं पूर्ण नाव लिहायचं. पासपोर्टवर बदल हवे असतील तर आपला विभाग पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाचा, आणि ते काम नोंदणीच्या आधी उरकायचं. नोंदणी ज्या पासपोर्टवर झाली, पिटिशनही त्याच पासपोर्टवर अपेक्षित असतं.

मग पदवी. शिवाजी विद्यापीठाची चार वर्षांची बीई किंवा बीटेक असेल तर मूल्यमापन, म्हणजे ती अमेरिकेतल्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची हे ठरवणं, सरळ होतं. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीसीए एकटी पुरत नाही. तिथे तीन वर्षांचा अनुभव म्हणजे एक वर्षाचं शिक्षण, असा हिशेब लावतात, म्हणजे बीसीए अधिक तीन वर्षांचं संबंधित काम. मात्र अनुभव धरून केलेलं मूल्यमापन कुठल्याही एजन्सीचं चालत नाही. अनुभवावर क्रेडिट देण्याचा अधिकार असलेल्या अमेरिकन कॉलेजातल्या अधिकाऱ्याचं पत्र लागतं. बीसीएवर एमसीए असेल तर हा प्रश्न येत नाही.

आपल्या भागात डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला बीईला गेलेले खूप. त्यांच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिका तीनच वर्षांच्या असतात. अधिकाऱ्याला चार वर्षांच्या पदवीचं पहिलं वर्ष सापडत नाही आणि आक्षेप येतो. उपाय सोपा आहे : तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका पहिल्यापासून जोडायच्या आणि मूल्यमापनात थेट द्वितीय वर्ष प्रवेशाचा उल्लेख करून घ्यायचा.

मेकॅनिकलची पदवी आणि काम जावाचं, हाही इथला नेहमीचा प्रकार. १७ जानेवारी २०२५पासून लागू झालेल्या नियमात पदवीचा विषय आणि काम यांत 'थेट संबंध' हवा असं लिहिलं आहे, आणि थेट म्हणजे तर्कानं जोडता येणारा. तेव्हा अभ्यासक्रमातले कॉम्प्युटर, न्यूमरिकल मेथड्स, कॅड-कॅमचे विषय एकेक करून कामाशी जोडून दाखवायचे आणि बाकीची भर अनुभवानं घालायची. नुसतं 'इंजिनिअर आहे' यावर आता भागत नाही.

अनुभवपत्राचं काय होतं, ते एका उदाहरणावरून बघा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कुणी चार वर्षं ईआरपी सांभाळलं. पत्र मिळतं ते असं : 'सदर व्यक्ती आमच्याकडे ईडीपी इन्चार्ज म्हणून कामास होती. वर्तणूक चांगली.' खाली शिक्का. अमेरिकन अधिकाऱ्याला ईडीपी म्हणजे काय ते ठाऊक नसतं आणि वर्तणुकीशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं ते वेगळं : रुजू आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, कुठली सॉफ्टवेअर आणि डेटाबेस हाताळले, कामाचे प्रकार, वरिष्ठाचं पद आणि सही. मालकाला मसुदा आपणच करून न्यायचा, पण त्यात जे केलं तेवढंच लिहायचं. सोबत फॉर्म १६ आणि पीएफचं पासबुक. पीएफच्या तारखा आणि पत्राच्या तारखा जुळत नसतील तर मुंबईच्या अमेरिकी वकिलातीतल्या खिडकीवर त्याचा हिशेब द्यावा लागतो. वाढवलेला अनुभव किंवा मुलाखतीला दुसराच माणूस बसवणं, हे बाजारात चालतं हे खरं. पकडलं गेलं तर खोट्या माहितीचा जो शेरा बसतो, तो अमेरिकेत प्रवेशावर कायमची बंदी आणतो, आणि पुढे वैध मार्गानं गेलं तरी तो पुसला जात नाही.

पिटिशनमधला खरा पेच क्लायंट लेटरचा. काम खरंच आहे, नुसतं कल्पनेतलं नाही, हे दाखवायचं असतं. २०१८मध्ये यूएससीआयएसनं दुसऱ्याच्या ऑफिसात बसणाऱ्यांसाठी फार कडक मेमो काढला होता. २०२०मध्ये न्यायालयात तो टिकला नाही आणि मागे घेतला गेला. २०२५च्या नियमानं मात्र करार मागण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला आहे, शिवाय कामगार जर क्लायंटच्या संस्थेत एखादी जागा भरण्यासाठी पाठवलेला असेल, तर पदवीची अट एम्प्लॉयरची न बघता क्लायंटची बघायची, असंही म्हटलं आहे. म्हणजे क्लायंटच्या पत्रात 'कॉम्प्युटर सायन्स किंवा संबंधित विषयातली पदवी आवश्यक' हे वाक्य हवं. बँकांचा कायदा विभाग अशी पत्रं सहसा देत नाही. मग मधल्या व्हेंडरचं पत्र, मास्टर करार, वर्क ऑर्डर, क्लायंटच्या डोमेनवरून आलेल्या ई-मेल, बिल्ला, मंजूर टाइमशीट अशी पुराव्याची मोळी बांधायची. वर्क ऑर्डरवर उमेदवाराचं नाव आणि मुदत हवी. साखळीतला एक जरी करार गायब असला तरी अधिकारी नेमका तोच मागतो. आक्षेप आला की उत्तराला साधारण १२ आठवडे मिळतात, आणि उत्तर एकदाच द्यायचं असतं, हप्त्यानं नाही.

फीचा हिशेब, २५हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीसाठी : पिटिशन ७८०, प्रशिक्षण फी १,५००, फसवणूक-प्रतिबंध फी ५००, असायलम प्रोग्रॅम फी ६००, एकूण ३,३८० डॉलर. कर्मचारी २५ किंवा कमी असतील तर यातल्या तीन रकमा कमी होतात. ५० किंवा अधिक कर्मचारी आणि त्यातले निम्म्याहून अधिक एच-१बी किंवा एल-१वर (कंपनीच्या परदेशी शाखेतून बदलीवर येणाऱ्यांचा व्हिसा) असतील तर आणखी ४,०००. १५ कामकाजाच्या दिवसांत निकाल हवा तर प्रीमियमचे पैसे वेगळे. प्रशिक्षण फी कामगाराकडून कुठल्याही वाटेनं घेता येत नाही. पिटिशनच्या वकिलाची फीसुद्धा एम्प्लॉयरचा धंद्याचा खर्च धरतात. व्हिसाची फी आणि कुटुंबाच्या अर्जांचा खर्च आपला.

तरीही मागणी होते. 'प्रोसेसिंग चार्जेस', 'डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी' अशी नावं देऊन इथल्या बँक खात्यात रुपये मागतात, म्हणजे अमेरिकेत त्याचा माग राहत नाही. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर दिसते, आणि त्यांच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी ही मर्यादा आहे. मूळ प्रमाणपत्रं किंवा सही केलेला कोरा चेक तर कुणालाच द्यायचा नाही. बाँडबद्दल, म्हणजे अमुक काळ नोकरी सोडणार नाही या कराराबद्दल, एक बारीक भेद आहे. मुदतीआधी सोडलं तर 'दंड' लावणं अमेरिकन नियमात बसत नाही, पण आधीच ठरवलेली वाजवी नुकसानभरपाई काही राज्यांत वैध ठरू शकते. त्यामुळे करारात आकडा आहे का, तो कशाचा हिशेब म्हणून लिहिलाय आणि वाद कुठल्या राज्यात चालेल, या तीन ओळी सही करण्याआधी वाचायच्या.

मंजुरी आली की व्हिसासाठी मुंबई. अर्ज डीएस-१६०, फी २०५ डॉलर इतके रुपये. गेल्या पाच वर्षांतले सोशल मीडियाचे हँडल त्यात द्यावे लागतात. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) अर्जदारांची खाती तपासतात आणि ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. या बदलात भारतातल्या कित्येक तारखा महिनोन् महिने पुढे गेल्या आणि भेटीला आलेले लोक इथेच अडकले. ड्रॉपबॉक्सची, म्हणजे मुलाखतीशिवाय कागद टाकून शिक्का घेण्याची, सोयही २ सप्टेंबर २०२५पासून एच-१बीला उरलेली नाही, नूतनीकरणालाही मुलाखत द्यावी लागते. त्यामुळे गणपतीला किंवा अंबाबाईच्या नवरात्राला म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून यायचं आणि शिक्का घेऊन परतायचं, हा बेत आता धरू नये. तारीख हातात असेल तरी एम्प्लॉयरकडून लांबलेल्या मुक्कामाची लेखी सोय करून घ्यावी.

बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या तारखा सहसा वेगळ्या दिवशीच्या असतात. महालक्ष्मीनं रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी, आणि ऑक्टोबर २०२५पासून तिथून मेट्रो ३नं थेट बीकेसी, वकिलात तिथेच. वकिलातीत मोबाइल नेता येत नाही, तो मुक्कामीच ठेवायचा. फाइलमध्ये वरच्या बाजूला हे असावं : आय-७९७, आय-१२९ची (पिटिशनच्या फॉर्मची) पूर्ण प्रत, एलसीए, एम्प्लॉयरचं पत्र, क्लायंटचं किंवा व्हेंडरचं पत्र. फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा नाही. प्रश्न दोन-तीन मिनिटांचे असतात : पगार कोण देतं, क्लायंट कोण, प्रोजेक्ट काय, कुठे बसणार, पिटिशनसाठी पैसे भरलेत का. क्लायंटचं नाव विचारल्यावर एम्प्लॉयरचं नाव सांगणारे नेहमी अडकतात. साखळी पाठ नको, समजलेली हवी. शंका राहिली तर २२१-जीचा कागद हातात येतो. तो कायमचा नकार नसतो. मागितलेले कागद द्यायला एक वर्ष असतं, पण तेवढा काळ क्लायंट थांबत नाही आणि जागा दुसऱ्याला जाते.

लग्नाच्या बायोडेटात 'एच-१बी अप्रूव्हड' लिहिणारे आमच्या पाहण्यात आहेत. आय-७९७चं वजन तिथे असेल. अमेरिकेत उतरल्यावर चालतो तो आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि किती दिवस राहता येईल याची नोंद. विमानतळावरून बाहेर पडल्यावर सीबीपीच्या (तिथल्या सीमा-तपासणी खात्याच्या) साइटवरून तो उतरवून घ्यायचा आणि शेवटची तारीख बघायची. पासपोर्ट आधी संपत असेल तर आय-९४ पासपोर्टच्याच तारखेला तोडतात, व्हिसा पुढचा असला तरी. हे लक्षात न आल्यानं माणूस नकळत बेकायदा ठरतो. १० वर्षांचा पासपोर्ट शेवटच्या वर्षात असेल तर निघण्याआधी इथेच नवा करावा.

दुसऱ्या देशांची चौकशी आता जास्त येते. ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्करचा स्पॉन्सर आपला माणूस दुसऱ्या कंपनीची रिकामी जागा भरायला भाड्यानं देऊ शकत नाही. जर्मनीत ज्या परवान्याला तिथल्या रोजगार संस्थेची मंजुरी लागते, तो मनुष्यबळ भाड्यानं देणाऱ्या कंपनीकडच्या नोकरीसाठी नाकारतात. दोन्हीकडे थेट नोकरी शोधावी लागते, अमेरिकेतली साखळी तिथे तशीच नेता येत नाही. एल-१चा आडमार्गही सुचवतात, पण २००४च्या कायद्यानं एल-१बीवाल्याला दुसऱ्या कंपनीच्या ताब्यात मजूर म्हणून देता येत नाही.

राहिला बेंचचा विषय. क्लायंटनं काम थांबवलं, नवं मिळालं नाही, एम्प्लॉयर म्हणतो, 'गेस्टहाउसवर राहा, काम लागलं की पगार सुरू.' हे बेकायदा आहे. अमेरिकेत उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत पगार सुरू झाला पाहिजे, आणि काम नाही हे एम्प्लॉयरचं कारण असेल तर रिकाम्या दिवसांचाही पूर्ण पगार एलसीएप्रमाणे द्यावा लागतो. स्वतःच्या इच्छेनं घेतलेली रजा वेगळी. म्हणून 'मी स्वेच्छेनं रजेवर आहे' अशी ई-मेल लिहून मागतात. ती खरी नसेल तर लिहायची नाही. त्या एका ई-मेलवर पगाराचा हक्क जातो आणि स्टेटसलाही भोक पडतं.

नोकरीवरून काढलं तर जास्तीत जास्त ६० दिवस, किंवा आय-९४ आधी संपत असेल तर तोपर्यंतच. या मुदतीत दुसऱ्या एम्प्लॉयरनं पिटिशन भरलं की ते दाखल होताच कामाला लागता येतं, पण त्याला शेवटच्या पगारपावत्या लागतात, आणि बेंचवर पगार नसेल तर पावत्याही नसतात. मुदतीआधी काढून टाकणाऱ्या एम्प्लॉयरनं मायदेशी परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणं बंधनकारक आहे, हे फार थोडे मागतात. थकलेल्या पगाराची किंवा वसूल केलेल्या फीची तक्रार श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर करायची, घटनेपासून १२ महिन्यांच्या आत. तिला फी नाही आणि वकील लागत नाही. सोबत एलसीएची प्रत, पगारपावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि 'गेस्टहाउसवर थांबा' म्हणणारे मेसेज तारखेसकट जोडायचे.